आधीचा फोटो

टेम्पो आमच्या आळीत उलटा घातला आणि फाळका पाडला. आत तीन पोती होती. दोन पोरांनी पहिलं पोतं ओढून खाली घेतलं, सुतळी सोडली आणि आमच्या दारासमोर, फरशीवर, सगळं ओतलं.

चहाचे कागदी कप. वेफर्सची पाकिटं. कँटीनमधली कांद्याची सालं, वड्यांचे तेलकट कागद. ओला पाचोळा. कॉलेजच्याच जुन्या अहवालाची फाटकी पानं, पिनांसकट.

"एका जागी ढीग नको," सर म्हणाले. "पांगवा जरा. नैसर्गिक दिसलं पाहिजे."

आई उंबऱ्यात उभी होती. कॉलेजची माणसं येणार म्हणून मी सांगितलं होतं, त्यामुळे ती त्या दिवशी खुरपायला गेली नव्हती. तिला वाटलं पोतं चुकून फुटलं.

"आरं आरं, सांडलं का रं पोरांनो? ऱ्हावू द्या, ऱ्हावू द्या, मी झाडते."

खराटा घेऊन ती पुढं आली. सरांनी हात आडवा केला.

"मावशी, तुम्ही नका झाडू. तुम्ही नुसतं तिथं उभं राहा. आधीचा फोटो व्हायचाय."

आईला काही कळलं नाही. खराटा हातात धरून ती तशीच उभी राहिली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मी बॅनरचं एक टोक धरून उभी होते. 'स्वच्छ वस्ती, सुंदर वस्ती. दत्तक वस्ती उपक्रम.' खाली कॉलेजचं नाव. दुसरं टोक माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या हातात. मी आईकडं बघितलं नाही. बॅनर सरळ आहे का ते बघत राहिले. आता विचार करते तेव्हा वाटतं, किती नीट धरला होता मी तो बॅनर. एक सुरकुती पडू दिली नव्हती.

फोटो झाला. मग पोरांनी हातात रबरी मोजे घातले, तोंडाला मास्क लावले आणि स्वतःच आणून टाकलेला कचरा स्वतःच गोळा केला. त्याचा दुसरा फोटो. मग सर म्हणाले, "छान. आता सगळ्यांनी हसा," आणि तिसरा. पोती पुन्हा टेम्पोत गेली. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. जाताना सर आईला म्हणाले, "आता अशीच स्वच्छता ठेवायची बरं का, मावशी."

आई म्हणाली, "व्हय, ठिवू की."

दुसरं काय म्हणणार होती ती? लेकीचे साहेब होते.

मी कोण ते सांगते. मी त्या कॉलेजात हिंदी शिकवत होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास, तेवढंच तुमचं अस्तित्व. जूनमध्ये अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, ज्यांच्याबरोबर मार्चपर्यंत चहा प्यायलात त्यांनाच पुन्हा नाव, गाव, शिक्षण सांगायचं. मार्चमध्ये घरी. पुन्हा जून. असे अकरा जून मी काढले. कायम असलेल्यांना स्टाफरूममध्ये कपाटं होती, कपाटावर नावं होती. माझी पिशवी खिडकीच्या गजाला अडकवलेली असायची. पीएच.डी. झाली तेव्हा प्राचार्यांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. पिशवी गजालाच राहिली.

कॉलेज तालुक्याच्या गावी. नगरहून बसनं तासाभराचा रस्ता. उसाच्या ट्रॅक्टरमागं बस अडकली तर दीड तास. गावात साखर कारखाना, बाजार समिती, आणि कारखान्याच्याच लोकांनी कधीकाळी काढलेलं हे कला महाविद्यालय. गावाच्या कडेला ओढ्याच्या अलीकडं आमची आळी. बौद्धांची. आता रस्त्यावर निळी पाटी आहे, कमान आहे, बुद्धविहार आहे. पण गाव अजून जुन्याच नावानं ओळखतं. मोठ्यानं म्हणत नाही, इतकंच.

आमच्या आळीत एक रीत आहे. पहाटे प्रत्येक बाई आपलं अंगण झाडते आणि उजव्या हाताच्या शेजारणीचं अर्धं. शेजारीण तिचं अख्खं झाडते आणि पुढच्या घराचं अर्धं. म्हणजे दोन घरांच्या मधे कुठं शीवच राहत नाही. आमच्या आळीत कुणाच्या दारात पाचोळ्याचं पान दिसलं तर लोक त्या घरात कुणी आजारी आहे का म्हणून विचारायला जातात. हे कुणी शिकवलं? कुणी नाही. आई सांगते, पूर्वी वरच्या आळीची माणसं ओढ्याकडं जाताना आमच्या आळीतून जायची आणि शिवेवर आली की नाकाला पदर लावायची. काही नसलं तरी लावायची. म्हणून बायांनी ठरवलं, यांना नाक धरायला निमित्त म्हणून सापडता कामा नये. त्या झाडत राहिल्या. ते नाक धरत राहिले. पण बायांनी सोडलं नाही.

म्हणूनच तर पंचाईत झाली होती. त्या सकाळी टेम्पो येण्याआधी फोटोवाला सगळ्या आळीत फिरून आला आणि म्हणाला, "सर, इथं तर काहीच नाही. आधीचा फोटो कशाचा काढू?" आता हे फोटो साधे चालत नाहीत. फोटोच्या कोपऱ्यात ठिकाण आणि वेळ आपोआप उमटावी लागते, तरच कमिटी धरते. दुसरीकडच्या उकिरड्याचा फोटो काढून खपवता आला असता तर त्यांनी तो काढला असता, आणि मी आज हे लिहीत बसले नसते. पण ठिकाण आमचंच लागत होतं. म्हणून त्यांनी कचरा आणला. कॉलेजच्या मागच्या बाजूचा. कॉलेजनं केलेला.

आता हे सगळं कशासाठी? तर दर काही वर्षांनी कॉलेजचीही परीक्षा असते. बाहेरून कमिटी येते, सगळं तपासते आणि श्रेणी देते. आमच्या श्रेणीची मुदत संपत आली होती. फेरमूल्यांकन. वर्षभर कॉलेजात दुसरा शब्द नव्हता. कधी न झालेल्या सभांची इतिवृत्तं लिहिली गेली. न आलेल्या पाहुण्यांची आभारपत्रं तयार झाली. बंद पडलेलं भाषा मंडळ जिवंत झालं, त्याची मी सचिव झाले, मागच्या तारखेपासून. सगळ्या फायली कुणी लिहायच्या? ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांनी. म्हणजे आम्ही तासिकावाल्यांनी.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "श्रेणी टिकली की हिंदीची कायम जागा भरायचं बघतो. वर बोलणं झालंय. आणि तुमच्याशिवाय आहे कोण?"

तुमच्याशिवाय आहे कोण. या एका वाक्यावर मी वर्षभर राबले. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. घरी आईला सांगितलं तेव्हा तिनं विहारात जाऊन मेणबत्ती लावली.

दत्तक वस्तीची कल्पना बैठकीत निघाली. कॉलेजचा एक उत्तम उपक्रम दाखवावा लागतो, समाजासाठी काय केलंत ते. आम्ही समाजासाठी काहीच केलेलं नव्हतं. समन्वयक होते भूगोलाचे सर, टेम्पो घेऊन आलेले तेच. गोड माणूस, कधी आवाज चढवणार नाही. ते म्हणाले, "एखादी वस्ती घेऊ दत्तक. मागास असली म्हणजे कमिटीला भावतं." मग याची वस्ती, त्याची वाडी, लोक परवानगी देतील का, अशी चर्चा झाली. एकदम सरांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "अरे, आपल्या मॅडमची वस्ती आहे की! परवानगीचा प्रश्नच नाही. घरचंच काम."

सगळे हसले. वाईट नाही हसले, आपलेपणानं हसले. मीही हसले. हे मला सांगितलंच पाहिजे. मला बरं वाटलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मी कशाला तरी 'आपली' झाले होते. दत्तक कुणाला घेतात, आईबाप असलेल्याला कुणी दत्तक घेतं का, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. पीएच.डी. होती माझी.

अहवाल मीच टाईप केला. सर शेजारी बसून सांगत होते. वस्तीची पूर्वस्थिती: उघड्यावर कचरा, सांडपाणी, व्यसनाधीनता, अज्ञान.

मी थांबले. "सर, अज्ञान कशाला?" आमच्या आळीत दोन नर्सबाया आहेत. एक तलाठी. एक कंडक्टर. एक पोरगा नगरला लष्करात कारकून आहे.

"मॅडम, आधीचं वाईट दाखवलं तरच नंतरचं चांगलं दिसतं. पद्धत असते ती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी लावून घेतलं नाही. टाईप केलं. अ-ज्ञा-न. बोटं माझीच होती.

कमिटी यायच्या आठवडाभर आधी सरांनी मला एक चिठ्ठी दिली. सुबक अक्षर. "लाभार्थ्यांशी संवाद ठेवलाय. तुमच्या आईंना एवढं पाठ करून घ्यायला सांगा. बाकी कुणी ऐनवेळी भलतंच बोलायचं. आई म्हणजे घरचं माणूस."

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'आमच्या वस्तीत पूर्वी खूप घाण असायची. आम्हाला स्वच्छतेची सवय नव्हती. कॉलेजमुळे आम्हाला स्वच्छतेचे महत्त्व कळले. आम्ही कॉलेजचे आभारी आहोत.'

दोन दिवस ती पर्समध्ये ठेवून मी फिरले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. हात चालू होते.

"फिरून वाच."

फिरून वाचलं.

"घान होती म्हनायचं?"

"हं."

"कुटं होती?"

"आपल्याकडं. म्हणायचं नुसतं, आई. लिहिलंय तसं."

"सवय नव्हती म्हनायचं. कुनाला?"

"आपल्याला."

तिचे हात थांबले. तिनं मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या, जमिनीवरून पानं गोळा केली, तळहातानं फरशी पुसली. मग म्हणाली, "यानं तुजं काम पक्कं हुईल?"

"होईल बहुतेक."

"बहुतेक नगं. हुईल का न्हाई ते सांग."

"होईल."

"मंग म्हनते की. माजं काय जातंय."

आणि तिनं पाठ केलं. भाकरी थापताना म्हणायची. 'महत्त्व' तिच्या जिभेला येईना. "म्हत्व" म्हणायची, मी दुरुस्त करायची. "आभारी आहोत" मधला "आहोत" तिच्या तोंडात बसेना, "हावोत" व्हायचा. मी पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची. माझ्यातली मास्तरीण जागी झाली होती, मेली. चूक सहन होत नव्हती. अकरा वर्षांत मी किती पोरांना किती धडे शिकवले. त्यातला सगळ्यात घाणेरडा धडा मी माझ्या आईला शिकवला, आणि उच्चारासकट शिकवला.

कमिटी आली. तिघं जण. अध्यक्ष एक वयस्कर बाई, दक्षिणेकडच्या. त्यांना आणि आणखी एकांना मराठी येत नव्हतं. मी हिंदीची, म्हणून दुभाषी मीच. फाटकात लेझीम, फेटे, गुलाबपाणी. कुंड्यांना गेरू. आम्हा बायांना एकाच रंगाच्या साड्या नेसायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या आमच्या आळीत आल्या.

आळी नेहमीसारखी झाडलेली. विहारासमोर खुर्च्या मांडल्या होत्या आणि एका बाजूला मोठा फलक उभा केला होता. 'आधी' आणि 'नंतर'. तो फलक मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. फोटो मला माहीत होते, फलक सरांनी नगरहून छापून आणला होता.

'आधी' मध्ये आमचं दार होतं. दारावरचा घरक्रमांक वाचता येत होता. समोर कचरा. आणि उंबऱ्यात आई. भांबावलेली, तोंड किंचित उघडं. तिचा उजवा हात मनगटापासून खाली कापला होता. म्हणजे फोटो तिथून कापला होता. खराटा दिसू नये म्हणून. खाली मराठीत आणि इंग्रजीत ओळ होती: 'उपक्रमापूर्वी: स्वच्छतेबाबत उदासीन महिला.'

मी ती ओळ वाचली. एकदा वाचली, दोनदा वाचली. जी बाई पन्नास वर्षं रोज पहाटे आपलं झाडून शेजारणीचं अर्धं झाडते, तिच्या हातातला खराटा कापून यांनी तिला उदासीन केलं. आणि माझी आई, तिथंच फलकाशेजारच्या खुर्चीवर, पांढरं लुगडं नेसून, डोकं नीट विंचरून बसली होती. तिला ती ओळ वाचता येत नव्हती. चष्मा नव्हता आणला तिनं. एवढंच नशीब.

अध्यक्षबाईंनी तिला हात जोडले. "माताजी, आप कुछ बताइए."

आई उभी राहिली. सरांनी मान हलवून तिला धीर दिला. तिनं पदर सावरला आणि सुरू केलं. एकही शब्द चुकला नाही. घाण म्हणाली, सवय म्हणाली. 'महत्त्व' आलं तेव्हा ती जरा थांबली, श्वास घेतला आणि बरोबर म्हणाली. 'आभारी आहोत' म्हणून तिनं नमस्कार केला. आणि मग माझ्याकडं बघितलं. शाळेत कविता म्हणून झाली की मी तिच्याकडं बघायची, तशी. जमलं का गं? अशी.

जमलं होतं गं माझे आई. फार चांगलं जमलं होतं.

"क्या कह रही हैं?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

मला एवढंच करायचं होतं. चार वाक्यं हिंदीत. वर्षभर राबून मी जी जागा मागत होते ती त्या चार वाक्यांच्या पलीकडं होती. सर माझ्याकडं बघत होते. प्राचार्य बघत होते. माझी जीभ उचलेना. भ्यायले होते, खोटं कशाला बोलू. मी तोंड उघडलं तेव्हा मलाच माहीत नव्हतं काय बाहेर येणार आहे.

मी म्हणाले, "मॅडम, ये बात मैंने इनको रटवाई है. ये मेरी माँ हैं. जिस दिन का ये फोटो है, उस दिन ये गली सुबह ही झाड़ी जा चुकी थी. कचरा कॉलेज से टेम्पो में लाया गया था. इनके हाथ में झाड़ू था, वो फोटो में से काट दिया है. बैनर मैंने पकड़ा था."

विहारावरचा झेंडा फडफडत होता, तेवढाच आवाज. सर हसले. कपाळावर घाम, तोंडावर हसू. "मॅडम ज़रा इमोशनल हैं," ते अध्यक्षबाईंना म्हणाले. "वर्कलोड बहुत है."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "आप इसी कॉलेज में पढ़ाती हैं?"

"जी. मार्च तक."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. वाईट वाटलं असावं त्यांना. पण घड्याळात बघून त्या म्हणाल्या, "लाइब्रेरी अभी बाकी है ना?" आणि गाडीकडं निघाल्या. झालं. तुम्हाला वाटलं असेल आता काहीतरी होणार. मलाही वाटलं होतं.

गाड्या गेल्या. मला कुणी गाडीत बस म्हणालं नाही. मीही चढले नाही. शेजारची सुमनमावशी आली, तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. "बरी ठासलीस. लई दिवसांनी कुनी बोललं." दोन क्षण मला बरं वाटलं. मग मी आईकडं गेले.

ती घरात गेली होती. लुगडं बदलत होती. माझ्याकडं पाठ.

"आई."

"हिंदी मला बोलता न्हाई येत. कळती मला."

"आई, अगं त्यांनी तुझा फोटो..."

ती वळली. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "मला खोटं बोलाया तूच लावलं. चार दिस घोकून घेतलं. मी तुज्यासाटी म्हनले. माजी आळी घान म्हनले, माज्या तोंडानं. आन् मंग चार मान्सांत तूच उठलीस आन् मलाच खोटी पाडलीस. म्हाईत हुतं तर मला कशाला उबी केलीस? आदीच का न्हाई बोललीस, त्यो कचरा वतत हुता तवा?"

मी तिच्या पायाशी बसले. म्हणाले, चुकलं माझं. ती म्हणाली, "ऊठ. जेवून घे." तिनं वाढलं. बोलली नाही.

आठ दिवस तिनं आळीत मान वर केली नाही. बायांपैकी तिला कुणी काही म्हटलं नाही, पण पहाटे झाडताना ती लवकर उठायची, सगळ्यांच्या आधी, कुणी बाहेर यायच्या आत आपलं आटोपून आत यायची. शेजारचं अर्धं मात्र झाडायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी विचारू शकत नव्हते. माझ्याच घरात मी पाहुण्यासारखी बसायची.

कॉलेजची श्रेणी टिकली. पेढे वाटले. मला एका विद्यार्थिनीनं सांगितलं, तिच्या हातात पेढा होता, ती ओशाळली. जूनमध्ये वेळापत्रक लागलं. हिंदीच्या तासांपुढं दुसऱ्या कुणाचं नाव होतं. मुलाखतीचं मला कुणी कळवलंच नव्हतं. खिडकीच्या गजाची पिशवी शिपायानं घरी आणून दिली.

मग सरांचा फोन आला. तोच गोड आवाज. "मॅडम, झालं गेलं सोडून देऊ. प्राचार्य मोठ्या मनाचे आहेत. तुमच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. फक्त फायलीला एक पत्र लागतं. मी मजकूर पाठवलाय मोबाईलवर, सही करून द्या. तास लगेच लावतो. आणि जागेची जाहिरातही निघणार आहे, बरं का."

मजकूर चार ओळींचा होता. 'मी भावनेच्या भरात व वैयक्तिक कारणाने समितीसमोर चुकीची माहिती दिली. त्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे. वस्तीतील उपक्रम प्रत्यक्षात राबवला गेला होता. महाविद्यालयाची मी आभारी आहे.'

मी तो आईला वाचून दाखवला. का दाखवला? माझ्यात धीर नव्हता म्हणून. तिनं लिहून दे म्हटलं असतं तर मी लिहून दिलं असतं आणि नंतर म्हणाले असते, आईनं सांगितलं. अशी मी आहे, अजून.

आई कांदे निवडून आली होती. पाय धुऊन बसली होती. ऐकलं आणि म्हणाली, "दे लिहून. चारच तर वळी हायत."

मी मोबाईल उलटा करून ठेवला.

"मी न्हाई का म्हनले चार?"

त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच या विषयावर बोलत होती. आवाजात राग नव्हता. थकली होती. लेकीचं काम व्हावं, एवढंच तिला पाहिजे होतं, अजूनही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हणाले, "तू म्हणालीस म्हणूनच मी नाही लिहिणार."

"मंग खाशील काय?"

"बघू."

"बघू म्हनं," ती म्हणाली आणि उठून चुलीकडं गेली.

मी सरांना फोन लावला. म्हणाले, "सर, पत्र देणार नाही. जाहिरात निघू द्या. मी अर्ज करणार आहे. मुलाखतीला तुम्ही असाल, प्राचार्य असतील. विचारा, कमिटीसमोर काय बोललात. तेच सांगीन, शब्दानं शब्द."

"मॅडम, तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचं नुकसान करताय."

"माझ्या हातांनी काय काय केलंय ते मला माहीत आहे, सर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आता नगरला एका शिकवणीत तास घेते. सकाळची पहिली बस. जाहिरात अजून निघालेली नाही. निघेल. मी अर्ज करीन, त्यांनी नाकारला तर पुढच्या वेळी पुन्हा करीन, आणि दर वेळी त्या खोलीत बसून तेच बोलीन, त्यांना ऐकायचा कंटाळा येईपर्यंत. आई माझ्याशी बोलते आता. जेव, ये, छत्री घे, एवढं. तिच्या तोंडून मी जे म्हणवून घेतलं त्याची तिनं मला माफी दिलेली नाही. द्यावी असं मी म्हणतही नाही. तिची माफी मी रोज मागीन. कॉलेजची एकदाही मागणार नाही.